‘सांग की एकदाचं!’

खानापूरकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र गेल्या पंधरवड्यात आलं. पत्र मराठीत आहे, पण मधूनमधून कन्नड वाक्यं तशीच उतरली आहेत, आपल्याकडे घराघरांत बोलतात तशी. थोरला मुलगा वीस वर्षांचा. वर्षभर खोलीचं दार लावून बसतो, कॉलेज बुडवतो, भरल्या ताटावरून उठून जातो. ‘काहीतरी घडलंय हे आईला कळतंच हो, पण तोंड उघडत नाही. त्याचे वडील रोज म्हणतात, सांग की एकदाचं! आता तुमच्याकडे घेऊन येते. तुम्हीच त्याच्याकडून काढून घ्या.’

‘काढून घ्या’ हे दोन शब्द वाचून मी पत्र खाली ठेवलं. पायात रुतलेला काटा सुईनं काढावा, तसं मनातलं दुखणं काढून टाकता येतं, अशी आपल्या सगळ्यांची समजूत असते. समुपदेशन शिकून बाहेर पडले तेव्हा माझीही होती. ती कशी गेली ते आधी सांगते, मग पत्राकडे येते.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पदवी ताजी होती, उत्साह दांडगा होता. एकोणीस वर्षांची एक कॉलेजकन्या आली. लहानपणी नात्यातल्याच एका माणसाकडून तिला त्रास झाला होता. कसला, ते इथं सांगायची गरज नाही. पहिल्याच बैठकीत मी तिला म्हटलं, ‘मन मोकळं कर बाळ. सगळं सांगून टाक, हलकं वाटेल.’ तिनं सांगितलं. तासभर, न अडखळता, पाठ केलेलं उत्तर म्हणून दाखवावं तसं. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात चढउतार नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पहिल्याच दिवशी मुलगी मोकळी झाली की!

दुसऱ्या बैठकीला ती आली नाही. तिसऱ्यालाही नाही. दोन महिन्यांनी रविवार पेठेत तिची आई भेटली. मला बघून आधी मान फिरवली, मग थांबली आणि म्हणाली, ‘तुमच्याकडून आली ती चार रात्री झोपली नाही. न्हाणीघरात जाऊन बसायची. आता कुणाकडं न्यायचं नाव काढलं की थरथरते.’

ज्या जागेतून ती मुलगी दहा वर्षं धडपडून बाहेर पडली होती, तिथं मी तिला एका तासात परत नेऊन सोडलं होतं. आणि वेळ संपली म्हणून घरी पाठवलं होतं. ती पुढं दुसरीकडे गेली, सावरली, असं नंतर कानावर आलं. मला मात्र माझं शिक्षण पुन्हा सुरू करावं लागलं.

तेव्हा वाचायला लागल्यावर कळलं, की ही चूक माझी एकटीची नव्हती. १९८० आणि ९०च्या दशकांत परदेशात अपघात, आग, दरोडा अशा प्रसंगांतून वाचलेल्या माणसांना दोन-तीन दिवसांच्या आत एकदा बसवून सगळं बोलायला लावायची पद्धत होती. हेतू चांगलाच होता. पण २००२ साली कॉक्रेन या संस्थेनं अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की एकदाच बसवून बोलतं केल्यानं पुढचा त्रास टळत नाही. काहींचा तर उलट वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली संकटग्रस्तांना मानसिक प्रथमोपचार कसा द्यावा याची पुस्तिका काढली. तिचाही सूर असाच आहे: जवळ बसा, पाणी द्या, घरच्यांशी गाठ घालून द्या, तो बोलला तर ऐका, पण बोलायची बळजबरी करू नका.

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली लिहिलेलं एक पुस्तक या विषयात फार महत्त्वाचं मानतात. त्यांनी सावरण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिला सुरक्षिततेचा. दुसरा आठवण्याचा आणि शोक करण्याचा. तिसरा माणसांत परत येण्याचा. मी पहिला टप्पा ओलांडून थेट दुसऱ्यात उडी मारली होती. आघाताची जाण ठेवून समुपदेशन करणं म्हणतात, त्यातला निम्मा भाग हाच आहे: घाई न करणं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. बाहेर बसलेल्या वडिलांना एका बैठकीत निकाल हवा असतो.

आता हा आघात म्हणजे काय? ट्रॉमा हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ जखम. हल्लीची मुलं तो पावलोपावली वापरतात. पेपर अवघड गेला तरी ट्रॉमा, मैत्रिणीनं फोन उचलला नाही तरी ट्रॉमा. मोठी माणसं त्यावरून चिडतात. मी म्हणते, शब्दावरून भांडू नका, रात्री झोप लागते का ते बघा. कारण खऱ्या आघाताची खूण शब्दांत कमी आणि शरीरात जास्त असते.

समजा, एखाद्या घरी कुकर फुटला. झाकण उडालं, कुणाला भाजलं. पुढं नवा कुकर आला, वर्ष गेलं. तरी शिट्टी वाजायच्या बेतात आली की त्या घरातली बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी असते. कशी आली तिथं, तिचं तिलाच कळत नाही. तिला ठाऊक आहे की हा कुकर नवा आहे. पण मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग तिची परवानगी घेत नाही. तो आधी पाय हलवतो, विचार मागून येतो. कुणी पळतं, कुणी अंगावर धावून जातं, कुणी जागच्या जागी थिजतं. ते थिजणं लोकांना दिसत नाही, म्हणून त्याला आळस म्हणतात, मग्रुरी म्हणतात. वास्तविक वाईट प्रसंगातून गेलेल्या बहुतेक माणसांची ही घंटा काळानं आणि आधारानं आपोआप शांत होते. काहींची होत नाही. ती वर्षानुवर्षं वाजत राहते. अशा अवस्थेला १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत पीटीएसडी या नावानं जागा मिळाली.

गेल्या वर्षी पावसाळ्यात असा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याची गोष्ट त्याच्या परवानगीनं सांगते आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

घर कृष्णाकाठचं, चिकोडी भागातलं. वडील मराठी, आई कन्नड. बापाशी मराठी, आईशी आणि अव्वाशी कन्नड, आपल्याकडच्या कितीतरी घरांतला प्रकार. मुलगा इथं बेळगावात इंजिनिअरिंगला. जूनपर्यंत बरा असायचा. पाऊस लागला की वर्गातून उठून जायचा, होस्टेलच्या पत्र्यावर थेंब वाजायला लागले की रात्रभर जिन्यात बसायचा. दोन विषय राहिले, मग चार. वडील म्हणाले, ‘बाई, याला अभ्यास नको, म्हणून ही सगळी थेरं.’

मी दोघांना एकत्र फार वेळ बसवलं नाही. मुलाला विचारलं, ‘कुठं बसतोस?’ माझ्या खोलीत तीन खुर्च्या असतात आणि दाराला कडी लावत नाही. त्यानं दाराजवळची निवडली. मी म्हटलं, ‘पन्नास मिनिटं आहेत. समोर घड्याळ आहे. मध्येच थांबावंसं वाटलं तर हात वर कर, कारण सांगायची गरज नाही. इथलं बोलणं तुझ्या वडिलांना सांगणार नाही. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तरच सांगावं लागेल, आणि तेही आधी तुला सांगून.’ मुलाला हे सगळं पहिल्याच पाच मिनिटांत कळायला हवं. अठराच्या आतल्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. लैंगिक अत्याचाराची हकीकत त्यांच्याकडून कळली, तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांपर्यंत नेणं बंधनकारक आहे. तोंडातून निघून गेल्यावर हे कळणं म्हणजे त्या मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात.

मग मी त्याला काय झालं ते विचारलं नाही. झोप, जेवण, मित्र कोण, मोबाइलवर काय बघतोस, एवढंच. आणि एक प्रश्न मात्र स्पष्ट विचारला, ‘मरावंसं वाटतं का कधी?’ असं विचारल्यानं डोक्यात नसलेली कल्पना शिरते, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी सरळ विचारलं याचाच दिलासा वाटतो. तो म्हणाला, ‘कधी कधी.’ त्या दिवशीचं उरलेलं सगळं काम तेच झालं. रात्री वाईट वाटलं तर कोणाला उठवायचं, खोलीतल्या मित्राला काय सांगायचं, १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फोनमध्ये कोणत्या नावानं ठेवायचा. हे सगळं त्यानं स्वतःच्या अक्षरात वहीत लिहून घेतलं. एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडेही पाठवलं, कारण औषधाची गरज आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही.

खाली जिन्यात वडील थांबले होते. ‘काय सांगितलं पोरानं?’ मी म्हटलं, ‘दोन कप चहा घेतला.’ ते खवळले. त्यांचा राग मला कळतो. पैसे भरायचे, रजा काढायची आणि हातात चहाचा हिशेब! पण मुलगा एकवीस वर्षांचा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो वडिलांपाशी येऊन संपत नाही. आपल्या गावात तर याला फारच महत्त्व. इथं कोण कुणाच्या मावसबहिणीचा दीर लागतो हे सांगता येत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कुणी बघेल, या धास्तीनं मुलं गल्लीला वळसा घालून येतात.

तिसऱ्या बैठकीत पाऊस आला. शेजारच्या पत्र्यावर थाडथाड वाजायला लागला. मुलगा पांढराफटक पडला, मुठी आवळल्या, नजर भिंतीत रुतली. अशा वेळी आपल्या तोंडून हमखास निघतं, डोळे मिट आणि दीर्घ श्वास घे. बऱ्याच जणांना त्याचा उपयोगही होतो. पण ज्याला डोळे मिटल्यावर तेच दृश्य दिसतं, त्याला डोळे मिटायला सांगणं म्हणजे पुन्हा त्यात ढकलणं. (शिबिरं घेणाऱ्या मंडळींनी राग मानू नये, पण हे एवढं ध्यानात ठेवावं.) मी त्याला म्हटलं, ‘डोळे उघडे ठेव. पाय जमिनीला टेकलेत का बघ. हा तांब्या धर, गार आहे. समोरच्या दुकानाची पाटी वाच.’ त्यानं पाटी वाचली. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. पाट्या दोन्ही लिपींत असण्याचा असाही एक उपयोग. ‘परत वाच.’ त्यानं परत वाचली. पाच-सात मिनिटांनी मुठी सुटल्या. पाऊस पडतच होता.

‘थांबला नाही, तरी मी इथंच आहे,’ असं तो म्हणाला. मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. पण ‘सुरक्षितता’ हा जड शब्द त्या क्षणी त्याच्या अंगात उतरला होता. पुढचे दीड महिने आम्ही एवढंच केलं. कधी पाट्या वाचल्या, कधी होस्टेलच्या जिन्याऐवजी कुठं बसता येईल ते शोधलं, कॉलेजच्या सरांना किती सांगायचं आणि किती नाही ते ठरवलं.

गोष्ट बाहेर आली ती सातव्या की आठव्या बैठकीत, आणि आली ती मराठीत. २०१९च्या ऑगस्टची. त्या वर्षी कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, सगळ्याच कशा अंगावर आल्या होत्या ते बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. हा तेव्हा दहावीत. रात्री अंगणात पाणी शिरलं. बाप अव्वाला पाठीवर घेऊन उंचावरच्या शाळेकडे निघाला. गोठ्यात म्हैस बांधलेली. हा दावं सोडायला गेला. दोर भिजून गाठ आवळली होती, नखांनी सुटेना. विळा सापडेना. पाणी मांडीपर्यंत आलं. बाप परत आला आणि दंडाला धरून ओढत घेऊन गेला. म्हशीचं ओरडणं शाळेपर्यंत ऐकू येत होतं. मग यायचं थांबलं.

हे सगळं त्यानं नीट सांगितलं, जणू शेजारच्या गावातली बातमी. मला सोळा-सतरा वर्षांपूर्वीची ती मुलगी आठवली. म्हणून मी पुढं ढकललं नाही. एवढंच विचारलं, ‘आई कुठं होती?’ तो म्हणाला, ‘दारात. ओरडत होती.’ ‘काय?’ आणि तो गप्प झाला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग हात वर केला. आम्ही थांबलो.

वाचकहो, दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांविषयी मला जे सांगायचं आहे, ते या ठिकाणी आहे. त्या रात्रीची बाहेरची हकीकत मुलाकडे मराठीत होती, वडिलांच्या भाषेत. पण ती रात्र स्वतः कन्नडमध्ये होती. माणूस लहानपणी ज्या भाषेत रागावणं, भिणं, कुशीत शिरणं शिकतो, तिचे शब्द कानावर पडले की अंग आधी दचकतं. याचे प्रयोगही झाले आहेत. तुर्की मातृभाषेच्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून त्यांच्या त्वचेतले सूक्ष्म बदल मोजले गेले. त्याचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी ऐकलेली दटावणी मातृभाषेत ऐकली की शरीर जास्त जोरात प्रतिसाद देत होतं. नंतर शिकलेल्या भाषेत तेच शब्द सौम्य लागत.

याचा अर्थ आपली मुलं एका भाषेत सांगून दुसरीत लपवतात असा कुणी घेऊ नये. ती दोन भाषांचा उपयोग दोन खोल्यांसारखा करतात. एकीत फार गरम व्हायला लागलं की दुसरीत येऊन बसतात. ही सोय एकभाषी घरातल्या मुलाला नाही. म्हणून मराठीत बोलतोस तर मराठीतच बोल, असला हट्ट मी धरत नाही, आणि इंग्रजीत बोलणाऱ्याला मातृभाषेत बोल असंही म्हणत नाही. तो लांबून बघतो आहे, बघू दे. माझं कन्नड शहापूरच्या गल्लीतलं, व्याकरण यथातथाच. पण मुलाला तिकडच्या खोलीत जावंसं वाटलं, तर दार उघडण्यापुरतं पुरतं.

तो गेला, पण दोन बैठकांनंतर, स्वतःहून. म्हणाला, ‘आई म्हणत होती, हग्ग बिच्चो! हग्ग बिच्चो!’ आणि रडला. सहा वर्षांत पहिल्यांदा. घरात या विषयावर रडायची सोयच नव्हती, कारण घर पडलं होतं, पीक गेलं होतं, तरी सगळी माणसं सुखरूप होती. नातेवाईक म्हणायचे, म्हैस गेली ना, माणसं वाचली की, त्यात काय एवढं. खरंच होतं ते. पण दोर याच्या हातात होता.

कन्नडमध्ये आल्यावर गोष्टीत एक बदल झाला. मराठीतल्या गोष्टीत ‘मला गाठ सोडता आली नाही’ असं होतं. कन्नडमध्ये सांगताना त्याच्या लक्षात आलं की आई ओरडत होती तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं, अंधार होता, आणि आपण पंधरा वर्षांचे होतो. मी काहीच समजावलं नव्हतं. त्याच्या जागी दुसरा पंधरा वर्षांचा मुलगा उभा असता तर त्याला काय म्हटला असतास, एवढंच विचारलं. बराच वेळ गेला. ‘अंजबेड, बिट्टु बा,’ म्हणाला असता. भिऊ नको, सोडून ये.

हे वाचून कुणाला वाटेल, झालं, मुलगा बरा झाला. तसं झालं नाही. त्यानंतरचे दोन आठवडे आधीपेक्षा वाईट गेले. झोप पुन्हा बिघडली, डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली. ही चढउतार धरूनच चालावी लागते. अशा दुखण्यावर ज्यांचा परिणाम तपासून पाहिला आहे अशा उपचारपद्धती आहेत. आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली केली. त्यांचं रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच त्या करून घ्याव्यात. आपल्या भागातल्या लोकांना धारवाडची डिमहॅन्स संस्था जवळ आहे, बेंगळुरूला निमहॅन्स आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फोन मोफत आणि दिवसरात्र, आणि कन्नड किंवा मराठी, जी हवी ती भाषा मागता येते.

शेवटी एक दिवस त्यानं आईला घेऊन येऊ का, असं विचारलं. त्यानं विचारलं, मी नाही. आई पदराचं टोक हातात गुंडाळून बसली. मुलगा बोलायला लागला, आणि त्याला मध्येच तोडून ती म्हणाली, मीच पाठवलं होतं त्याला पाण्यात. माझं लेकरू गेलं असतं तर? त्या ओरडण्याची आठवण सहा वर्षं तिलाही झोपू देत नव्हती, आणि मुलाला आठवण नको म्हणून तिनं तो विषयच घरात काढला नव्हता. दोघंही एकमेकांना जपत होते. मी त्या तासात तीन वाक्यंसुद्धा बोलले नसेन.

वडील त्या दिवशीही खालीच उभे होते. वर या म्हटलं तर म्हणाले, ‘आमचं काय काम?’ त्यांचंही काम आहे. अंधारात दंड धरून ओढणारा हात त्यांचाच होता. पण ते त्यांच्या वेळेनं येतील, नाहीतर नाही येणार.

आता खानापूरच्या ताईंसाठी. ताई, मुलाला ‘घेऊन’ येऊ नका. त्याला विचारा. नाही म्हणाला तर पंधरा दिवसांनी परत विचारा, आणि मधल्या काळात तुम्ही एकट्या आलात तरी चालेल. त्याच्याकडून काढून घ्यायचं काय आहे हे अजून त्यालाच ठाऊक नसेल. घरात मात्र काही गोष्टी आजपासून करता येतील. खोलीच्या दारावर टकटक करून आत जा, मागून एकदम पाठीवर हात ठेवू नका. जेवणाची वेळ रोज तीच ठेवा आणि बोलावताना ‘ऊट माडोण बा’ यापलीकडे दुसरा प्रश्न जोडू नका. तो बसला तर तुम्हीही जवळ काही निवडत, सोलत बसा; मुलं तोंडासमोर बसवून विचारल्यावर जेवढं सांगत नाहीत तेवढं शेंगा सोलता सोलता सांगतात. त्याच्या वडिलांना एवढंच सांगा, की ‘आम्ही काय कमी सोसलं’ हे वाक्य महिनाभर गिळून टाका. सोसलं असेल, पण ते वाक्य ऐकून आजवर कुणी तोंड उघडलेलं मला माहीत नाही. आणि पाहुण्यांना काही सांगू नका, अगदी सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही.

तो अंगाला इजा करून घेतो आहे, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा बोलतो आहे, दारू किंवा गोळ्यांच्या नादाला लागला आहे असं दिसलं, तर मात्र पंधरा दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, एकटं सोडायचं नाही.

आणि तो बोलायला लागला, कोणत्याही भाषेत, तर मधेच ती दुरुस्त करू नका. आपल्याकडे काही घरांत मराठी बोल की नीट, कन्नड कशाला, यावरून जेवणाच्या ताटावर वाद होतात. दुसऱ्या बाजूच्या घरांत उलटे होतात. ते दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी.

चिकोडीच्या मुलाचा परवा फोन आला होता. चारपैकी तीन विषय सुटले आहेत. एक राहिलाय, तो पावसाळ्यातच आहे. घरी कर्नाटकी बेंदूर झाला, वडिलांनी नवी म्हैस आणली आहे. म्हणाला, ‘मॅडम, निरगाठ मारत नाही आता कुणी आमच्यात. सुरगाठ मारतो. एक हिसका दिला की सुटते.’ मी विचारलं, कुणी शिकवली? ‘वडिलांनी. आपण होऊनच.’ मग म्हणाला, पुढची वेळ शुक्रवारऐवजी शनिवारी मिळेल का, शुक्रवारी प्रॅक्टिकल आहे.

शनिवारी सकाळची अकराची वेळ त्याला दिली आहे.